माणिकच्या वहीतली पाथरीची नोंद

माणिक,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही दहा पावलंही मागं सरलो नव्हतो, तोच तो आला, भात उचलला आणि समोरच्या बाभळीवर जाऊन बसला. "माणूस सुखात गेला, काईच राह्यलं न्हाई त्याचं," मागून कुणीतरी म्हणालं. माझ्या वडिलांच्या वेळी याच घाटावर आम्ही उन्हात दोन तास ताटकळलो होतो. नाही नाही ती वचनं देऊन झाली, तरी एक कावळा खाली उतरेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तो दर्भ तूच धावत जाऊन आणला होतास. तुझ्या दहाव्याला सगळे डोळे पुसत होते आणि मी मनात म्हणत होतो, इथंही याचंच बरं.

मला तुझा हेवा वाटायचा, माणिक. हे तुला तोंडावर सांगायला मला आयुष्य पुरलं नाही, आणि तुझं तर संपूनच गेलं.

झरीच्या शाळेत आपण एका तरटावर बसायचो. मळा आमचा, विहीर आमची, आणि दिवाळी झाली की तुझे आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला निघायचे. त्यांच्याबरोबर तूही सहा महिने गायब. परत आलास की माझ्या वह्या मागून न्यायचास आणि ओसरीवर पालथा पडून सगळं उतरवून काढायचास. मी मास्तर झालो, तू रेल्वेत डबे झाडायला लागलास, आणि दोघांनाही नोकरी मिळाली ती पूर्णेलाच. चारचौघांत तू मला 'गुरुजी, तुमी' म्हणायचास आणि दोघंच असलो की 'बापू, तू'. त्या 'तुमी'त थोडी थट्टा असायची. ती मला कळायची आणि तरीही ते ऐकायला आवडायचं.

शाळेशिवाय मी गावच्या वाचनालयाचा मानद चिटणीस होतो. कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. संध्याकाळी पाच ते सात उघडायचं. दोन पेन्शनर यायचे, तिसरा पंख्यासाठी यायचा. तिथं बसून मी तीन वर्षं एक सूची करत होतो, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कोणत्या अंकात कोणता चांगला लेख आला आणि तो अंक कुठं मिळेल, ते एकेका कार्डावर. चांगला कोणता ते मी ठरवायचो. कार्डं बुटाच्या खोक्यात ठेवायचो.

तुला ते एकदा सांगितलं. फलाटाच्या टोकाच्या बाकावर, दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. तू बशीत चहा ओतून फुंकर मारत ऐकत होतास.

"नुसती पुस्तकं ठेवून भागत नाही माणिक," मी म्हणालो. "काय कुठं आहे हे सांगणारं काहीतरी पाहिजे."

"खरं हाय," तू म्हणालास. मग बशी खाली ठेवून, "त्यात मी पन लिवू का एखांदं?"

"ते तसं नसतं. निवडायला वाचन लागतं."

"वाचतो की मी."

"डब्यात पडलेलं."

तू हसलास. "डब्यात पडलेलंच. पन कुनीतरी वाचत वाचत हितवर आनलेलंच असतंय की रे ते."

आणि पंधरा दिवसांत तुझी वही आली.

गाडीत लोक काय काय टाकून जातात ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? हैदराबादचा उर्दू पेपर, मुंबईचं साप्ताहिक, कव्हर फाटलेला दिवाळी अंक, शेतीचं मासिक. तू ते झटकून, घडी घालून गावात वाटायचास. केस कापायच्या दुकानात एक, शिंप्याकडे एक, धर्मशाळेच्या देवडीत एक. आता तू एक जाड वही घेतलीस, तिला सुतळी बांधलीस आणि स्टेशनबाहेर अप्पांच्या हॉटेलच्या खांबाला टांगलीस. बरोबर एक शिसपेन्सिल. ज्याला जे वाचून आवडलं त्यानं लिहायचं: काय आहे, कशात आहे, कुणापाशी ठेवलंय. दुसऱ्यानं तिथं जायचं, वाचायचं आणि परत येऊन त्या नोंदीखाली एक उभी रेघ ओढायची, पोती मोजताना ओढतात तशी. ज्यानं दुसऱ्याकडून वाचून घेतलं, त्यालाही रेघ ओढायची मुभा. आणि तुझा एकच नियम, पुठ्ठ्यावर आतून लिहिलेला: आधी एक रेघ, मग एक नोंद. दुसऱ्याचं वाचल्याशिवाय आपलं सांगायचं नाही.

बाजाराच्या दिवशी तू ती सुरू केलीस. नारळ फोडायला मला बोलवायला आलास. परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत म्हणून मी तुला परत पाठवलं. पेपर केव्हाच तपासून झाले होते. मी स्टेशनच्या पुलावर जाऊन उभा राहिलो आणि वरून बघत होतो. चांगली पन्नास-साठ माणसं होती. माझ्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला खुर्च्या भरायला मला शाळेतली पोरं न्यावी लागायची. नारळ शेवटी अप्पांनी फोडला. तू काहीतरी बोललास, लोक हसले, आणि कुणीतरी पेन्सिल हातात घेतली.

पहिली नोंद कसली होती, आठवतं? मूळव्याधीवरचा उपाय. केस कापायच्या दुकानात, आरशामागं. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. मनात म्हटलं, बघ, हे तुझं ज्ञानभांडार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याखाली अकरा रेघा होत्या. माझ्या सूचीतलं एक कार्डही तोवर कुणाच्या हातात गेलं नव्हतं.

नारळाची वाटी घेऊन तू संध्याकाळी वाचनालयात आलास. "गुरुजी, तुमचा वाटा." मी विचारलं, काय बोललास रे लोकांपुढं? "म्हनलं, ही सगळी कल्पना गुरुजींची हाय. मी नुसती सुतळी बांधली."

मी तुझ्याशी भांडायची पुरी तयारी करून बसलो होतो. कल्पना माझी, तू चोरलीस, असं म्हणणार होतो. तू ती चारचौघांत मला देऊन मोकळा झालास आणि माझ्याकडं भांडायलाही काही ठेवलं नाहीस. त्या दिवशी मला तुझा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. खोबरं मात्र खाल्लं.

पुढं आपला वाद चालू राहिला तो वर्षानुवर्षं. निवड करायची कुणी? मी म्हणायचो, ज्याला कळतं त्यानं. तू म्हणायचास, ज्याला आवडलं त्यानं. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून एका गल्लीतली माणसं एकमेकांच्या दारावरून जाईनात. मी तुला बजावलं, तुझी ही वही एक दिवस कुणीतरी पेटवून देणार. वहीत नामांतराच्या बाजूचे लेख आले, विरोधातलेही आले. आणि तुझा तो नियम. आपली नोंद लिहायची तर आधी दुसऱ्याच्या एका नोंदीखाली रेघ पाहिजे, आणि अप्पा गल्ल्यावरून बघायचे. लोक दात-ओठ खात जायचे, वाचून यायचे, रेघ ओढायचे. एकदा कुणीतरी दोन पानं फाडून नेली. मी खूश झालो. तू उरलेल्या कडेवर लिहिलंस, "नेली त्यानं वाचून झाल्यावर आणून द्यावीत." आठवड्यानं त्यातलं एक पान चुरगळलेलं, वहीत खुपसलेलं सापडलं. तू ते खळीनं चिकटवलंस. माझा चेहरा उतरलेला तुला दिसला असेल.

वहीच्या पुठ्ठ्यावर तू 'सगळ्यांची वही' असं ठळक लिहिलं होतंस. लोक तिला माणिकची वही म्हणत. मला भेटलं की तुझं एकच, "बापू, तू कवा लिवनार?" तीन वर्षांच्या मेहनतीची कार्डं असलेला माणूस सुतळीला बांधलेल्या पेन्सिलीनं लिहिणार होता होय? मी म्हणायचो, वेळ नाही.

आणि मग मी लिहिलं. आता स्वच्छ सांगतो.

दुपारची वेळ होती, अप्पा आत भजी तळत होते. मी रेघ न ओढताच, डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात लिहिलं: "घरबसल्या रेशमाचे किडे पाळा. बांधावर तुती लावा, ऊसतोडीला जायची गरज नाही. मासिकात सगळी माहिती. पाथरी, स्टँडसमोर, लतीफभाईंचं सायकलचं दुकान." खाली नाव घातलं ज्ञानोबा मानवतकर. ज्ञानोबा कुणी नव्हता. मासिक नव्हतं. लतीफभाईंचं दुकान तेवढं होतं. पाथरीला परीक्षेच्या कामाला गेलो असताना तिथं एकदा उसन्या सायकलचं पंक्चर काढून घेतलं होतं. मला दाखवून द्यायचं होतं की ज्या वहीत कुणीही काहीही लिहितो तिची काय दशा होते. लोक पाथरीपर्यंत हेलपाटा घालतील, रिकाम्या हातानं येतील आणि तुझ्या अंगावर धावून जातील, असा माझा हिशेब.

ज्यानं लहानपणी माझ्या वह्या उतरवून काढल्या, त्याच्यापासून मी अक्षर लपवायला निघालो होतो. डाव्या हातानं. एवढा शहाणा मी.

पाथरीला पहिला गेला तो आपल्या झरीचा किसन. त्याच्या घरातली चार माणसं दरवर्षी कोयत्यावर जातात, हे मला माहीत होतं. ओळ लिहिताना तो माझ्या डोळ्यांपुढं नव्हता, असं मी अजून स्वतःला सांगतो. झरीहून परभणी, परभणीहून पाथरी, येताना एसटी हुकली म्हणून जीपला लोंबकळत. दुसऱ्या दिवशी तो मला अप्पांकडे भेटला. मी विचारलं, काय रे, मिळालं का?

"न्हाई गुरुजी. लतीफभाई म्हनले, असलं काई न्हाई आपल्याकडं. मलाच नीट वाचता आलं नसंल. दुसरी-तिसरी पास मानूस मी, गावाचं नाव चुकीचं वाचलं असंल."

तो वहीला काही बोलला नाही, तुला बोलला नाही. स्वतःलाच बोलला. मी चहा अर्धा ठेवून उठलो. तरीही मी वाट बघत होतो, माणिक. आणखी दोघं-तिघं जातील, मग तरी बोंब होईल. महिना गेला. एके दिवशी सहज म्हणून वही उघडली, तर त्या नोंदीखाली रेघ होती. आठवड्यानं चार झाल्या. एक किसनची, अप्पांनी सांगितलं.

नसलेलं मासिक चार माणसं वाचून आली. रविवारी मी स्वतः पाथरीला गेलो.

लतीफभाईंनी मला ओळखलं नाही. मी विचारलं तसं त्यांनी टायरच्या चवडीखालून खाकी कागदात गुंडाळलेला एक अंक काढला. आत रेशमाच्या किड्यांवर सात-आठ पानं, चित्रांसकट. कागदावर तुझं अक्षर: "वाचून परत द्यावे."

"हे कुठून आलं?"

"माणिकभाई लाके दिये ना पूर्णा से. पैले एक आदमी आके खाली हात गया. फिर दो-चार दिन बाद माणिकभाई खुद आये, पूछे के ऐसा ऐसा कुछ है क्या. मैं बोला, नक्को रे बाबा, अपने पास कां से आता? वैसेच वापस गये. एक महिना हुआ, फिर ये लेके आये. बोले, हर गाडी का डब्बा डब्बा ढूँडा, नांदेड के झाडूवालों को भी बोलके रखा था, तब मिला." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आप गुरुजी हैं क्या? माणिकभाई बोलके गये थे, हमारे गुरुजी आयेंगे एक दिन. उनको चा पिलाव बोले."

तो चहा मी प्यालो. बाकावर बसून तो अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चांगला होता. माझ्या सूचीत मी तो नक्की घेतला असता.

पूर्णेला उतरलो ते थेट वहीपाशी गेलो. पेन्सिल हातात घेतली. मी वाचून आलो होतो, माझी रेघ होत होती. रेघ ओढली की नोंद लिहायचा हक्क मिळणार होता, आणि ती नोंद काय असायला हवी होती ते मला माहीत होतं. तेवढ्यात झाडू खांद्यावर टाकून तू आलास. माझ्या हातातली पेन्सिल पाहिलीस. मी वर बघितलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी पेन्सिल सोडून दिली.

"गुरुजी, च्या घेता का?" तू विचारलंस.

"आत्ताच झाला," मी म्हणालो.

"चांगला व्हता का?"

"बरा होता."

बस्स, एवढंच. त्यानंतर इतकी वर्षं आपण रोज भेटलो आणि पाथरीचं नाव कधी निघालं नाही. तू एकदा शिवी घातली असतीस तर मी तुझा जन्मभर ऋणी राहिलो असतो. माझं खोटं तू खरं करून ठेवलंस आणि वर ते मला कधी ऐकवलंही नाहीस. मला तुझ्या वहीचा हेवा वाटायचा, तुझ्याभोवती जमणाऱ्या माणसांचा वाटायचा, पण त्या दिवसापासून मला तुझ्या मनाचाच हेवा वाटायला लागला. तसं मन मला कुणाच्या वहीतून उतरवून घेता येणार नव्हतं.

म्हणून तो कावळा मला सहन झाला नाही. म्हटलं, इतक्या सहज शिवला? माझ्यापाशी तुझं काहीच अडकलं नव्हतं? मी एवढी वर्षं जे उरावर घेऊन हिंडलो, ते तू कधीच खाली ठेवून गेला होतास?

दहावा आटोपून आम्ही घरी आलो, तेव्हा सुमनवहिनींनी आतून गाठोडं आणलं. भरलेल्या सगळ्या वह्या, तुझ्या जुन्या रेल्वेच्या सदऱ्यात बांधलेल्या. "भावजी, ह्या तुमच्या वाचनालयात ठिवा. कपाटात नगा, भाईर ठिवा म्हनायचे." मी गाठोडं उचललं. दारापर्यंत आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवटाला दवाखान्यात पन तुमचंच काडलं व्हतं. बापूचं लिवायचं राह्यलंय, म्हनले. म्या म्हनलं, निरोप देऊ का? तर न्हाई म्हनले. लिवतोय तो, म्हनले. घाई नगं करू."

वहिनींसमोर मी रडलो. तुझ्यासाठी रडतोय असं त्यांना वाटलं, आणि तेही खोटं नव्हतं.

घरी येऊन ती वही शोधली. पान पिवळं पडलंय, पण डाव्या हातानं लिहिलेली ती नोंद तशीच आहे. खाली बऱ्याच रेघा आहेत. शेवटच्या रेघेशेजारी मी माझी ओढली, उजव्या हातानं, आणि खाली नाव घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या खांबावरच्या चालू वहीत माझी नोंद लिहिली. तुला वाचता येणार नाही म्हणून इथं उतरवून देतो. इतक्या वर्षांत एकदा तरी मीही उतरवावं.

"पाथरीची रेशमाची नोंद कुणा ज्ञानोबाची नव्हती. ती मी लिहिली होती, आणि लिहिली तेव्हा ती खोटी होती. ती खरी कशी झाली ते वाचायला मिळणार नाही, ऐकायला मिळेल. पाथरी, स्टँडसमोर, लतीफभाईंचं सायकलचं दुकान. बापूराव मास्तर, पूर्णा."

अप्पांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. माझ्यापुढं चहा ठेवला, नेहमीपेक्षा जरा जोरात. शाळेत आता मुलांचे बाप माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात, हेही सांगून टाकतो. मानद चिटणीसपदाचं काय ते पुढच्या बैठकीत ठरेल. किल्ल्या मी काढून टेबलावर ठेवल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी किसन आला. त्यानं बोट फिरवत फिरवत वाचलं, हळूहळू, आणि शेवटी माझ्याकडं पाहिलं. त्याच्या बांधावर चार तुती आहेत. किडे काही जगले नाहीत, कोयता काही सुटला नाही.

"गुरुजी, म्हंजी पयल्या खेपेला म्या बरूबर वाचलं व्हतं?"

"बरोबर वाचलं होतंस."

"मंग म्या उगंच सोताला येवढं बोललो." त्यानं पेन्सिलीकडं पाहिलं, पण हात लावला नाही. "आधी जाऊन येतो. ऐकल्याबिगर रेघ कशी वडावी?" आणि तो पुन्हा पाथरीला गेला, माणिक. मधली खेप तुझ्या अंकासाठी; माझ्या सांगण्यावरून ही दुसरी. काल संध्याकाळी परत आला, रेघ ओढली आणि माझ्याशी न बोलता झरीच्या गाडीत बसला.

आज सकाळपर्यंत माझ्या नोंदीखाली नऊ रेघा झाल्या. माझ्या जन्मातल्या पहिल्या. पाथरीला जाणारा प्रत्येकजण तुझी गोष्ट ऐकायला जातो आणि तुझंच नाव घेत परत येतो, त्यातली एकही रेघ माझी नाही, हे मला पुरतं कळतं. तरी मी रोज चहाच्या निमित्तानं जातो आणि मोजतो.